द्रवही नाही, वायूही नाही: खडकात अडकलेलं तेल सुटतं कसं?

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: गाळाच्या खडकांतले हायड्रोकार्बन अतिक्रांतिक द्रायू वापरून बाहेर काढणे. हायड्रोकार्बन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगं. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू मुख्यतः यांचेच बनलेले असतात. 'द्रायू' हा आपल्या परिभाषेतला छान शब्द आहे, द्रव आणि वायू दोघांना मिळून. जे जे वाहतं ते द्रायू. राहिला 'अतिक्रांतिक', म्हणजे इंग्रजीतला सुपरक्रिटिकल. त्यावर आज बराच वेळ देऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

शेवटी एक हिशेबही मांडायचा आहे. या पद्धतीने तेल काढताना कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडला जातो, म्हणून ही पद्धत हवामानाला उपकारक आहे, असं हल्ली वारंवार सांगितलं जातं. ते कधी खरं असतं आणि कधी नसतं, हे तुमचं तुम्हाला तपासता यावं, एवढा आजचा हेतू.

तेल असतं कुठे?

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल असतं दगडात, आणि तेही कोणत्याही दगडात नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा लाव्हा थिजून झालेला आहे. त्याच्या पोटात तेल तयार होत नाही. तेल तयार होतं गाळाच्या खडकांत. समुद्राच्या तळाशी चिखल, वाळू, शिंपले आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष थरावर थर साचत गेले, वरच्या ओझ्याने दबले, खालच्या उष्णतेने लाखो वर्षं शिजले. त्यातून तेल झालं आणि सरकत सरकत वरच्या सच्छिद्र खडकात येऊन अडकलं. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजावरून मुंबईच्या समुद्रात खोदताना जे तेल लागलं, ज्याला आपण मुंबई हाय म्हणतो, ते प्रामुख्याने चुनखडकात आहे, आणि चुनखडक हाही गाळाचाच खडक.

असा दगड हातात घेतला तर घट्ट लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात असंख्य छिद्रं दिसतात. ही छिद्रं एकमेकांना अरुंद गळ्यांनी जोडलेली असतात, आणि हे गळे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. तेल बसलेलं असतं ते या छिद्रांत.

विहीर खोदली की सुरुवातीला आतल्या दाबामुळे तेल आपणहून वर येतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ढोबळ आकड्यांप्रमाणे या पहिल्या टप्प्यात एकूण साठ्यापैकी सुमारे १० टक्के तेल हाती लागतं. मग दाब ओसरला की शेजारच्या विहिरींतून पाणी आत सोडतात आणि तेलाला रेटा देतात. या दुसऱ्या टप्प्यापर्यंत आपण २० ते ४० टक्क्यांपर्यंत पोचतो. म्हणजे विहीर 'आटली' असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्याहून जास्त तेल खालीच असतं!

पाण्याला का जमत नाही?

तुपाचे हात नुसत्या थंड पाण्याखाली धरून बघा. पाणी वाहून जातं, तूप तिथेच. तूप आणि पाणी यांच्यामध्ये एक सीमा असते आणि त्या सीमेवर ताण असतो. खडकातही तेच होतं. पाणी सोप्या वाटेने पुढे निघून जातं. तेलाचे थेंब मागे राहतात आणि छिद्रांच्या गळ्याशी अडकतात. गळ्यातून जायचं तर थेंबाला आपला आकार बदलावा लागतो, आणि सीमेवरचा ताण तो बदलू देत नाही. जोर वाढवून फारसा उपयोग होत नाही.

उपाय एकच, ती सीमाच नाहीशी करायची. तेलात पूर्णपणे मिसळेल असं काहीतरी आत सोडायचं. दोन पदार्थ एकजीव झाले की सीमा नाही, सीमा नाही म्हणून ताण नाही, आणि ताण नाही म्हणून अडकणं नाही. मग पेट्रोल सोडलं तर? तेल विरघळेल, पण शंभर रुपये मिळवायला दोनशे रुपये घालवल्यासारखं होईल. आपल्याला हवा तो पदार्थ स्वस्त पाहिजे, बारीक छिद्रांत शिरणारा पाहिजे, तेल विरघळवणारा पाहिजे, आणि काम झाल्यावर तेलापासून सहज वेगळा होणारा पाहिजे. या चारही अटी एकत्र पुऱ्या करणं साध्या द्रवाला जमत नाही आणि साध्या वायूलाही नाही.

बंदुकीच्या नळीतला आवाज

१८२२ साली फ्रान्समध्ये शार्ल कान्यार द ला तूर याने एक प्रयोग केला. बंदुकीच्या जाड नळीत द्रव भरला, गारगोटीचा एक गोळा टाकला आणि नळी बंद करून तापवायला घेतली. तापवताना ती हलवून आतला आवाज ऐकायचा. आत द्रव असेल तर गोळा द्रवाच्या पृष्ठभागावर आपटल्याचा आवाज येतो. एका ठराविक तापमानाच्या पुढे तो आवाज बंद झाला. आत पदार्थ तेवढाच होता, पण पृष्ठभागच उरला नव्हता.

पुढे बेलफास्टमध्ये टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर अनेक वर्षं काम केलं आणि १८६९ साली या अवस्थेच्या उंबरठ्याला 'क्रिटिकल पॉइंट', आपल्या भाषेत क्रांतिक बिंदू, असं नाव दिलं. कार्बन डायऑक्साइडचा हा बिंदू आहे सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार. एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. तापमान आणि दाब दोन्ही या आकड्यांच्या वर गेले की द्रव आणि वायू हा भेद संपतो. जे उरतं तो अतिक्रांतिक द्रायू.

३१ अंश हे तापमान पुन्हा बघा. मे महिन्यातली मुंबईची दुपार याहून गरम असते. कचेऱ्यांत विजेच्या पॅनेलजवळ लाल रंगाची, काळ्या भोंग्याची अग्निशामक नळकांडी टांगलेली असतात, ती कार्बन डायऑक्साइडची असतात. हिवाळ्यात तिच्यात खाली द्रव आणि वर वायू असे दोन थर असतात. उन्हाळ्यात ती जागा तापली की आतली सीमा नाहीशी होते आणि सगळा एकच द्रायू होतो. म्हणजे ही अवस्था प्रयोगशाळेतच भेटते असं नाही, तुम्ही रोज तिच्या शेजारून जिना चढता.

आता या अवस्थेचा फायदा काय? ४० अंश तापमान कायम ठेवू आणि नुसता दाब बदलू. साध्या हवेच्या दाबाला एक घनमीटर कार्बन डायऑक्साइडचं वजन पावणेदोन किलोसुद्धा भरत नाही. ८० बारला ते सुमारे २८० किलो होतं. १०० बारला सुमारे ६३० किलो, आणि २०० बारला सुमारे ८४० किलो. जितकी घनता जास्त तितकी विरघळवण्याची ताकद जास्त. म्हणजे दाब हा आपल्या हातातला कान आहे. पिळला की पदार्थ द्रवासारखा विरघळवू लागतो, सोडला की पुन्हा वायू.

आणि दाटपणा? १०० बारला त्याची घनता पाण्याच्या ६३ टक्के आहे, पण वाहण्याला होणारा विरोध पाण्याच्या साधारण तेराव्या हिश्श्याइतकाच. अंगाने द्रव आणि चालीने वायू, असं म्हणा हवं तर.

विरघळवण्याचा हा गुण जुन्या लोकांना ठाऊक होता. १८७९ साली ग्लासगोत हॅने आणि होगार्थ या दोघांनी दाखवलं की अतिक्रांतिक अवस्थेतल्या अल्कोहोलमध्ये घन क्षारही विरघळतात, आणि दाब कमी केला की बर्फाच्या भुकटीसारखे खाली पडतात. १९६०च्या दशकात जर्मनीत म्यूल्हाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांनी हाच गुण कॉफीच्या बियांमधलं कॅफीन काढायला वापरला. आज मसाल्यांचे अर्कही याच तत्त्वावर काढतात. मसाल्याला जे लागू तेच दगडाला.

दोन किलोमीटर खाली

आता निसर्गाने केलेली सोय बघा. जमिनीखाली दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एक बारने वाढतो, आणि दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. ८०० मीटर खाली गेलं की दाब ८० बारच्या आसपास आणि तापमानही बहुतेक ठिकाणी ३१ च्या वर. म्हणजे त्याखाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड आपोआप अतिक्रांतिक अवस्थेत राहतो. वेगळी भट्टी नको, वेगळं पात्र नको. खडक हेच पात्र.

हे मोठ्या प्रमाणावर प्रथम झालं अमेरिकेत, पश्चिम टेक्सासच्या स्करी परगण्यात. केली-स्नायडर नावाचं हे तेलक्षेत्र १९४८ साली सापडलं. प्राचीन समुद्रातल्या चुनखडकाच्या भित्तीत, सुमारे दोन किलोमीटर खोल. १९५४ पासून तिथे पाणी सोडत होते. जानेवारी १९७२ मध्ये कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात झाली. तो आणला साडेतीनशे किलोमीटर लांबून. तिथल्या कारखान्यांत नैसर्गिक वायू शुद्ध करताना कार्बन डायऑक्साइड वेगळा निघत होता आणि हवेत सोडून दिला जात होता. अर्धशतक उलटलं तरी त्या क्षेत्रातून तेल निघतंच आहे.

खाली नक्की काय होतं? कार्बन डायऑक्साइड तेलात शिरतो, तेल फुगतं आणि पातळ होतं. त्याच वेळी तेलातले हलके रेणू कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळतात. असा हलक्या रेणूंनी समृद्ध झालेला द्रायू पुढच्या ताज्या तेलाला भेटतो तेव्हा तो आणखी तेलासारखा झालेला असतो. असं पुन्हापुन्हा होत शेवटी सीमा मिटते. यासाठी किमान एक दाब लागतो, आणि तो प्रत्येक तेलाचा वेगळा असतो. जड, डांबरासारख्या तेलाला तो इतका जास्त लागतो की बरेचदा जमतच नाही. मिश्रण वर आलं की दाब कमी करायचा: तेल खाली, वायू वर. तो वायू पुन्हा दाबून आत पाठवायचा.

अडचणीही याच गुणांतून येतात. कार्बन डायऑक्साइड इतका पातळ आहे की तेलाला ढकलत नेण्याऐवजी त्यातून बोटं काढल्यासारखा पुढे पळतो. म्हणून आळीपाळीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाण्याने त्याची धाव रोखायची. हलके रेणू निघून गेले की तेलातला जड, डांबरी भाग साका धरतो आणि छिद्रं बुजतात. शिवाय पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की सौम्य आम्ल होतं. ते पोलादी नळ्या गंजवतं आणि चुनखडकही थोडा विरघळवतं.

आता हिशेब

एक बॅरल तेल जाळलं की सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि या पद्धतीने एक बॅरल काढायला? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते ३०० ते ६०० किलो आत सोडावा लागतो. वर आलेला पुन्हा आतच पाठवतात, त्यामुळे विकत घेतलेला बहुतेक सगळा शेवटी खालीच राहतो. दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटतं, फिटंफाट झाली!

पण एक प्रश्न विचारायचा राहिला. आत सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणला कुठून?

अमेरिकेत या कामासाठी वापरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड कोणत्याही धुराड्यातला नाही. कोलोरॅडोतल्या मॅकेल्मो डोमसारख्या ठिकाणी तो निसर्गतःच जमिनीखाली साठलेला आहे. तो खोदून काढतात आणि १९८४ पासून सुमारे ८०० किलोमीटरच्या वाहिनीतून टेक्सासला नेतात. म्हणजे एका राज्यात सुखाने गाडलेला कार्बन वर काढला आणि दुसऱ्या राज्यात नेऊन पुन्हा गाडला. हवेतून एक ग्रॅमही कमी झाला नाही, आणि निघालेलं तेल मात्र जाळलं. इथे हवामानाच्या दृष्टीने जमेची बाजू शून्य आहे.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या वेबर्नचं. सॅस्कॅचेवान प्रांतातल्या या क्षेत्रात २००० सालापासून जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो सव्वातीनशे किलोमीटरवरच्या, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या कारखान्यातून येतो. तिथे लिग्नाइट कोळशापासून वायुरूप इंधन बनवतात. हा कार्बन एरवी हवेत गेला असता, तेव्हा इथे जमा खरी. पण ती एकदाच धरायची. कोळशाचा कारखाना म्हणणार आमचं इंधन स्वच्छ, आणि तेल कंपनी म्हणणार आमचं तेल स्वच्छ, असं चालणार नाही. एकच टन दोन वह्यांत जमा दाखवता येत नाही.

तिसरी शक्यता म्हणजे हवेतूनच कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा आणि तो खाली सोडायचा. तेव्हा, आणि बॅरलमागे पुरेसा गाडला तरच, त्या तेलाचा बोजा खऱ्या अर्थाने हलका होतो. दाब वाढवायला, वाहून न्यायला, तेल शुद्ध करायला लागणारी ऊर्जाही त्यातून वजा करायला हवी. म्हणजे तंत्र तेच, खडक तोच, पण कार्बन कुठून आला यावर उत्तर बदलतं.

आपल्याकडे हा प्रश्न आता दाराशी आला आहे. २०१९ साली ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांच्यात करार झाला: गुजरातमधल्या कोयाली शुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून गंधार तेलक्षेत्रात सोडायचा. स्रोत धुराड्याचा आहे, म्हणजे पहिली परीक्षा पास. पुढच्या बातम्या वाचताना मात्र बॅरलमागे किती किलो गाडला, हा आकडा शोधत जा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: गाडलेला वायू पुन्हा वर येणार नाही कशावरून?

ज्या अभेद्य थराखाली तेल लाखो वर्षं टिकलं, त्याच थराखाली आपण हे ठेवतो, त्यामुळे खडकाबद्दल भरवसा बराच आहे. कच्चा दुवा आहे तो आपणच पाडलेल्या जुन्या विहिरी. त्यांचं सिमेंट जुनं होतं, म्हणून देखरेख सोडता येत नाही. वेबर्नजवळ २०११ मध्ये एका शेतजमिनीवर गळती झाल्याचा आरोप झाला होता. तपास करणाऱ्यांनी मातीतला ऑक्सिजन मोजला. मुळं आणि जीवाणू यांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड वाढला असेल तर त्या प्रमाणात ऑक्सिजन घटलेला असतो. खालून गळून आला असेल तर तसं नातं दिसत नाही. तिथे ते नातं दिसलं. निष्कर्ष निघाला की वायू मातीतलाच होता. तक्रार आली तेव्हा मोजमाप झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: मग धोका काहीच नाही का?

आहे, आणि आजवरचा ठळक अनुभव खडकाचा नसून वाहिनीचा आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ मोठ्या पावसानंतर जमीन सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो उडून न जाता सखल भागात साचला. सुमारे २०० लोकांना हलवावं लागलं आणि ४५ जणांना उपचार घ्यावे लागले. ऑक्सिजन न मिळाल्याने मोटारींची इंजिनंही बंद पडली, म्हणजे पळून जायचं साधनच गेलं. दाट वस्तीच्या देशात अशी वाहिनी टाकताना गावकऱ्यांना आधी काय सांगितलं आहे, हे विचारायलाच हवं.

प्रश्न: शेल खडकातूनही असंच तेल काढता येईल?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करू. शेलच्या छिद्रांत तयार तेल असेल तर अतिक्रांतिक द्रायू ते काढू शकतो. प्रयोगशाळेत दगडाची पूड करून असे नमुने तपासतातही, त्यामुळे विषारी द्रावकांचा वापर कमी होतो. पण काही शेलमध्ये तेल नसतं, केरोजेन असतं. केरोजेन म्हणजे जेमतेम अर्धकच्चं शिजलेलं तेल समजा. ते साध्या द्रावकात विरघळत नाही, आधी उष्णतेने त्याचे रेणू फोडावे लागतात. त्यासाठी टोल्यूइन किंवा पाणी वापरून पाहिलं आहे. टोल्यूइन अतिक्रांतिक व्हायला सुमारे ३१९ अंश लागतात, पाण्याला ३७४ अंश आणि २२१ बार. त्या अवस्थेत पाण्याचा स्वभावच उलटतो: तेल विरघळवतं आणि मीठ खाली टाकतं. पण एवढं तापवायला ऊर्जा लागते, आणि ती कुठून आणली हा प्रश्न पुन्हा आपल्याच हिशेबाच्या वहीत येतो.

इथे थांबू.